काळ्या मातीतली चेन: ऑफ-रोड बाईकचं स्प्रॉकेट कसं निवडावं, चेन कशी राखावी

बीड किंवा धाराशिवहून निघून धुळे–सोलापूर महामार्गावर तासभर ऐंशीने चालवायचं, मग बालाघाटाच्या डोंगरातली मुरमाड चढण, आणि शेवटी पाऊस पडून गेलेली पाणंद. मराठवाड्यात ऑफ-रोड बाईकला एकाच फेरीत हे तिन्ही करावं लागतं. कंपनीने दिलेलं गिअरिंग बहुतेक गाड्यांत पहिल्या तुकड्यासाठी बरं असतं, शेवटच्या दोनसाठी नाही. म्हणून लोक स्प्रॉकेट बदलतात. बदलताना टॉप स्पीड किती घटेल याचा हिशेब सगळे करतात, पण पहिल्या गिअरमध्ये क्लच किती जळतोय हे फारसं कुणी बघत नाही. स्प्रॉकेट ठरवायचं ते तुमच्या सगळ्यात हळू वाटेवरून. महामार्गाचं नंतर बघता येतं, आणि समृद्धीवर तर दुचाकीला मनाईच आहे.

आधी दाते मोजा

पुढचं छोटं स्प्रॉकेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतं, मागचं मोठं चाकाच्या हबवर. मागचे दाते भागिले पुढचे दाते म्हणजे गुणोत्तर. गाडी सेकंडहँड असेल तर कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका, आधीच्या मालकाने काय बसवलंय सांगता येत नाही. बहुतेक स्प्रॉकेटवर दात्यांचा आकडा ठोकलेला असतो. नसेल तर एका दात्यावर खडूने खूण करा आणि मोजा.

समजा गाडीत १३/४० आहे, म्हणजे गुणोत्तर ३.०८. त्यावरून पुढचे पर्याय असे:

१३/४२ – ३.२३ – ओढ ५ टक्के जास्त
१३/४३ – ३.३१ – साडेसात टक्के जास्त
१२/४० – ३.३३ – सव्वाआठ टक्के जास्त
१२/४२ – ३.५० – पावणेचौदा टक्के जास्त
१४/४० – २.८६ – ७ टक्के कमी

पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागचे साधारण तीन वाढवणं. ओढ जितके टक्के वाढते तितकेच टक्के त्याच वेगाला इंजिनाचे फेरे वाढतात. ऐंशीच्या वेगाला इंजिन ६,००० फेऱ्यांवर असेल तर १२/४० बसवल्यावर ते ६,५०० वर जाईल. तासभर सरळ रस्त्यावर हे हँडलमध्ये आणि पायाखाली जाणवतं, पेट्रोलही थोडं जास्त जातं.

किती बदल हवा ते असं ठरवा. तुमच्या नेहमीच्या वाटेवरची सगळ्यात हळू जागा शोधा, म्हणजे दगडगोट्यांचा ओढा किंवा ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेली पाणंद. इंजिन गरम झालेलं, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, थ्रॉटल जेमतेम. माणूस भरभर चालतो त्या वेगाने, ताशी सहा-सात किलोमीटरने, गाडी न धडपडता गेली तर स्प्रॉकेटला हात लावायची गरज नाही. गाडी झटके देत बंद पडायला आली आणि म्हणून क्लच सतत अर्धा दाबून ठेवावा लागत असेल, तर ५ ते ८ टक्क्यांचा बदल करा. परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना अर्धा दाबलेला क्लच चढणीच्या निम्म्यातच वास मारायला लागतो. ५ ते ८ टक्के हा बदल दिसायला लहान, पण क्लचला तो पुरतो.

तेरा-चौदा टक्क्यांची उडी फक्त रानातच राहणाऱ्या गाडीसाठी. एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या: मुरूम आणि खडकाळ चढणीवर आखूड गिअरिंगचा जेवढा फायदा होतो तेवढा ओल्या काळ्या मातीत होत नाही. तिथे टायरला पकडच नसते. चाकाला जास्त ओढ दिली की चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणतं आणि गाडी हबपर्यंत रुतते. पहिला गिअर टाकल्या टाकल्या संपतोय, पाणंदीत सारखं पहिला-दुसरा करावं लागतंय, असं झालं तर तुम्ही गरजेपेक्षा पुढे गेलात. एक-दोन दाते परत घ्या.

पुढचं बदलायचं की मागचं

पुढचं स्वस्त असतं आणि अर्ध्या तासात बदलतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. अंदाज घ्यायला ते ठीक. पण तेच कायम ठेवू नये, कारण गुणोत्तर जवळपास सारखं आलं तरी चेनवरचा भार सारखा येत नाही. गिअरबॉक्समधून येणारा पीळ (टॉर्क) तेवढाच राहिला आणि पुढचं स्प्रॉकेट १३ चं १२ झालं, तर चेनवरचा ताण आठेक टक्क्यांनी वाढतो. मागचं ४० चं ४३ केलं तर ताण होता तेवढाच राहतो, चाकाला मात्र जास्त ओढ मिळते.

दुसरं कारण चेन वाकण्याचं. १५ दात्यांवर प्रत्येक कडी २४ अंशांत वळते, १२ दात्यांवर ३०. लहान स्प्रॉकेट म्हणजे खरं तर बहुकोन, त्यामुळे चेनचा वेग प्रत्येक दात्याला थोडा कमी-जास्त होतो. हा चढउतार १५ दात्यांवर दोन-सव्वादोन टक्के, १२ वर साडेतीनच्या आसपास. कडी जास्त वळली की पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) जास्त घासतात. शिवाय लहान स्प्रॉकेटमुळे चेन स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला टेकून चालते. ती पट्टी झिजून आरपार झाली की चेन थेट स्विंगआर्म कापायला लागते, आणि आवाज येईपर्यंत कळत नाही.

म्हणून आमची शिफारस अशी: आधी पुढचं एक दाता कमी करून महिनाभर चालवा. पटलं तर पुढचं मूळ मापाचं परत लावा आणि मागचं तीन दात्यांनी मोठं घ्या.

वेगमापकाचंही बघून घ्या. सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर काही फरक पडत नाही. गिअरबॉक्सवरून घेतलेला असेल तर गिअरिंग आखूड केल्यावर काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो, आणि किलोमीटरही जास्त मोजले जातात.

चेन पुरेल का

चेनच्या बाजूच्या पट्टीवर ४२८ किंवा ५२० असा आकडा असतो. एक्सपल्ससारख्या दोनशे सीसीच्या गाड्यांत ४२८, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरसारख्या ताकदवान गाड्यांत ५२०. पहिला अंक एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो. ४ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. ५ म्हणजे पाच अष्टमांश इंच, १५.८७५ मिमी. पुढचे दोन अंक आतल्या रुंदीचे. ४२८ चं स्प्रॉकेट ५२० च्या चेनला चालत नाही. दुकानदार ‘बसतंय की’ म्हणाला तरी नाही.

एक दाता वाढवला की अर्ध्या कडीएवढी जास्त चेन लागते, म्हणजे चाक कडीच्या पाव अंतराने पुढे सरकतं: ४२८ मध्ये साधारण सव्वातीन मिमी, ५२० मध्ये ४ मिमी. मागचे तीन दाते वाढवायचे तर ४२८ च्या गाडीत चाकाला पुढे सरकायला १० मिमी जागा हवी. अ‍ॅडजस्टरच्या (चाक मागे-पुढे सरकवायच्या स्क्रूच्या) खुणा बघा. जागा नसेल तर दोन कड्या जास्त असलेली चेन घ्यावी लागेल. कड्यांची संख्या नेहमी समच असते, कारण आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येते. दोन कड्या वाढल्या की चाक जवळपास १३ मिमी मागे जातं, त्यामुळे मागच्या मडगार्डला आणि ब्रेकच्या केबलला किती मोकळीक आहे हेही तपासा. पुढचं १४ करताय तर कव्हरच्या आत चेन घासते का ते आधी हाताने चाक फिरवून बघा.

माल कसला घ्यावा

पुढचं नेहमी पोलादी. मागचं पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं मिळतं, आणि पोलादी दाते व अ‍ॅल्युमिनियमचा गाभा असं मिश्रही मिळतं. शर्यतीत दोनशे-तीनशे ग्रॅमसाठी अ‍ॅल्युमिनियम ठीक, आपल्याकडच्या बसाल्टच्या कचीत ते लवकर संपतं. रोजच्या गाडीला पोलादीच घ्या. पावसाळ्यात रानात जाणार असाल तर दात्यांच्या मुळाशी भोकं किंवा खाचा असलेलं घ्या. चिखल त्यातून बाहेर पडतो.

वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे संभाजीनगरात लेथवर हवं ते कापून मिळतं. सत्तेचाळीस दात्यांचं स्प्रॉकेटही मिळेल. त्याचे दाते कडक केलेले आहेत का, एवढंच बघा. दात्याच्या टोकावर बारीक कानस हलकेच चालवा. कानस घसरली तर दाते कडक आहेत, धरून चुरा काढायला लागली तर ते स्प्रॉकेट एका पावसाळ्याचंसुद्धा नाही.

चेन दोन जातींची: साधी आणि ओ-रिंगची, म्हणजे सीलबंद. एक्स-रिंग ही दुसरीचीच सुधारलेली आवृत्ती. सीलबंद चेनमध्ये पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं आणि रबरी रिंगा ते आत ठेवतात. त्याच रिंगा बाहेरची माती आत येऊ देत नाहीत. काळ्या मातीच्या मुलखात महाग वाटली तरी हीच परवडते. ओळखायला सोपी: कडीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये नख घाला, काळी रबरी कडा लागली तर सीलबंद.

बसवताना क्रम महत्त्वाचा

पुढचा नट चेन चढलेली असतानाच सैल करा. एकाने मागचा ब्रेक दाबून धरायचा, गाडी गिअरमध्ये, मग पाना. चेन आधी उतरवली तर शाफ्ट धरायला काही उरत नाही आणि मग छिन्नी-हातोडीचे उद्योग सुरू होतात. नटाखालचं लॉक वॉशर आधी सपाट करून घ्या. काही गाड्यांत नटाऐवजी दोन बोल्टची पट्टी असते.

पुढचं स्प्रॉकेट निघालं की मागे साचलेला गोळा खरवडून काढा. तिथे माती, ग्रीस आणि बऱ्याचदा सुतळी किंवा तार सापडते. ती शाफ्टच्या ऑईल सीलला कापते आणि मग इंजिनाचं तेल गळायला लागतं. सीलभोवती ओलसर काळपट कडं दिसलं तर सील आत्ताच बदला, नाहीतर पुन्हा एवढं सगळं खोलावं लागेल.

मागचं स्प्रॉकेट काढण्याआधी हबमधले रबर बघा. स्प्रॉकेट जागेवर असताना हाताने पुढे-मागे हलवलं आणि दात्याच्या टोकाशी पाच-सहा मिमी खेळ जाणवला तर रबर गेलेत. नव्या चेनला मेलेल्या रबराचे झटके बसले तर ती वर्षभरही चांगली राहत नाही. स्प्रॉकेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळा, आट्यांवर निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा, आणि ताकद पुस्तकात दिली असेल तेवढीच. पहिल्या १०० किलोमीटरनंतर एकदा पाना लावून बघा.

महिनाभराची चाचणी सोडली तर चेन, पुढचं आणि मागचं हे तिन्ही एकदमच बदलायचं. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवलं तर लांबलेल्या कड्या नव्या दात्यांना दोन महिन्यांत स्वतःच्या मापाचं करतात. पाचशे रुपये वाचवायला गेलेला माणूस पुन्हा दुकानात दिसतो.

ढील: इथेच सगळं ठरतं

ढील म्हणजे खालची चेन मधोमध धरून वर-खाली केली तर ती जेवढी हलते तेवढं अंतर. तेलापेक्षा चेनचं आयुष्य या ढिलाईवर जास्त अवलंबून असतं. आणि ऑफ-रोड गाडीत नेमकं उलटं होतं: शहरातल्या मेकॅनिकच्या हाताला २०–२५ मिमीची सवय असते, तो तुमचीही तेवढीच ताठ करून देतो. गाडी पार्किंगमध्ये छान वाटते. रानात खड्ड्यात उतरली की सस्पेन्शन दबतं, आणि एका विशिष्ट जागी पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मची धुरी आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात. त्या क्षणी पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं. तेव्हा ढील उरली नाही तर सगळा हिसका शाफ्टच्या बेअरिंगवर, सीलवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. चेन त्यामानाने स्वस्त, शाफ्टचं बेअरिंग काढायला इंजिन खोलावं लागतं.

लांब सस्पेन्शनच्या गाड्यांत साधारण ३५ ते ५० मिमी ढील लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो. स्टिकर उडालं असेल, किंवा सस्पेन्शन बदललं असेल, तर तो स्वतः काढा. शॉकअपचा खालचा बोल्ट काढा, चाक हाताने उचला, तिन्ही मध्य एका रेषेत आणा. तिथे चेन मधोमध वर-खाली १० ते १५ मिमी हलली पाहिजे. तसं जुळवा, शॉकअप परत लावा, गाडी नेहमीच्या स्टँडवर उभी करा आणि आता खालच्या बाजूला किती ढील दिसते ते मोजा. हा तुमच्या गाडीचा आकडा. पेंटच्या पेनाने स्विंगआर्मवर लिहून ठेवा, पुढच्या वेळी शॉकअप खोलायला नको. बोल्ट काढायचा नसेल तर दोन धडधाकट माणसं सीटवर बसवून तिसऱ्याने बघितलं तरी अंदाज येतो.

जुळवायची रीत:

१. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली खिशात. चाक थोडं-थोडं फिरवत चार ठिकाणी ढील मोजा. सगळीकडे सारखी नसते. सगळ्यात ताठ जागेवर थांबा आणि तिथलंच माप धरा.

२. एक्सलचा नट सैल करा, पूर्ण काढू नका. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेऱ्याने, सारखे.

३. स्विंगआर्मवरच्या खुणांवर आंधळा विश्वास नको. स्विंगआर्मच्या धुरीच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. एक मिमीच्या आत फरक हवा. मग मागून चेनच्या रेषेत डोळा लावा, ती स्प्रॉकेटवर सरळ चढली पाहिजे, नागमोडी नाही.

४. मागच्या स्प्रॉकेट आणि खालच्या चेनच्या मध्ये घडी केलेलं फडकं ठेवा आणि चाक पुढच्या दिशेने फिरवून ते फडकं दात्यांत अडकवा. चाक पुढे ढकललं जाऊन अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकतं. आता एक्सलचा नट आवळा. असं न करता आवळला तर चाक मागे सरकतं आणि घेतलेलं माप बिघडतं.

५. फडकं काढा, ढील पुन्हा मोजा. मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर त्याची पट्टीही जुळवा. चाक सरकलं की पेडलचा खेळ बदलतो.

पावसाळ्यात ढील वरच्या मर्यादेकडे ठेवा. स्प्रॉकेटच्या दात्यांच्या बेचक्यांत काळा चिखल ठासला की चेन दात्याच्या मुळाशी बसत नाही, वर उचलली जाते. परिणाम स्प्रॉकेट मोठं केल्यासारखा होतो, आणि घरून निघताना बरोबर असलेली चेन शिवारात तारेसारखी ताठ होते.

धुणं आणि तेल

काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असते, वाळली की ती स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये विटेसारखी घट्ट होते. म्हणून रानातून आल्यावर त्याच संध्याकाळी, ओली असतानाच काढा. शेतातल्या मोटरीच्या पाइपाचं साधं पाणी उत्तम. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याला हातभर लांब ठेवायला सांगा, आणि कड्यांच्या बाजूने थेट मारू देऊ नका. त्या दाबाने पाणी रिंगांच्या आत शिरतं, ग्रीस बाहेर येतं.

चिखल गेल्यावर तेलकट मळ काढायला रॉकेल सगळ्यात बरं. दीडशे-दोनशे मिली आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं, पण त्याचा चिकट थर राहतो, तो कापडाने नीट पुसा. पेट्रोल आणि थिनर नको, रबर फुगतं आणि तडकतं. तारेचा ब्रशही नको. चाक हाताने फिरवा. इंजिन चालू करून गिअरमध्ये चेन फिरवत कापड धरण्याची सवय अनेकांना आहे. कापड ओढलं जातं आणि बोट कापडासोबत जातं. पुढच्या स्प्रॉकेटवर आलेलं बोट वाचत नाही.

आता तेल. दोन गोष्टी गावोगाव चालतात आणि दोन्ही चेन मारतात. एक, सर्व्हिसिंगमधून निघालेलं जळकं ऑईल. त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो, शिवाय ते पातळ असल्याने टायरवर उडतं. दुसरी, बोटाने थापलेलं ग्रीस. ते कड्यांच्या आत जात नाही, बाहेर राहून फुफाटा गोळा करतं आणि दात्यांना घासणारा लेप तयार होतो.

एसएई ९० गियर ऑईल किंवा चांगला चेन स्प्रे, दोन्ही चालतात. तेल चेनच्या आतल्या बाजूला, खालच्या लांबीवर, मागच्या स्प्रॉकेटजवळ टाका. फिरताना ते बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून टाकलेलं कड्यांमधून जातं. रोलरच्या दोन्ही कडांवर थेंब पडला पाहिजे, बाहेरच्या पट्ट्यांवर ओतून उपयोग नाही. पूर्ण चेनला ८–१० मिली तेल पुरतं. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना लावा, अर्धा तास जाऊ द्या, मग कोरड्या फडक्याने वरचं सगळं पुसून टाका. हात लावल्यावर बोट जेमतेम ओलं व्हावं, काळं होऊ नये. स्प्रे मारताना डिस्कवर पुठ्ठा धरा.

डांबरी रस्त्यावर ५०० किलोमीटरला एकदा पुरतं. उन्हाळ्याच्या फुफाट्यात २५०–३०० ला, पण कमी आणि कोरडा राहणारा मेणाचा स्प्रे. पावसाळ्यात आकडा सोडा, दर ओल्या फेरीनंतर. साध्या, रिंग नसलेल्या चेनला तेल पिनेपर्यंत जावं लागतं, तिला पातळ तेल आणि निम्म्या अंतरावर.

झीज मोजा, अंदाज करू नका

चेन ‘ताणली’ म्हणतात, पण पट्ट्या लांबत नाहीत. पिन आणि बुश आतून झिजतात आणि तो खेळ प्रत्येक सांध्यात साठतो. चेन ताठ धरून २१ पिना मोजा, पहिलीच्या मध्यापासून एकविसावीच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. ४२८ ची नवी चेन २५४ मिमी भरते, ५२० ची तीनशे साडेसतरा, म्हणजे ३१७.५ मिमी. एक टक्का वाढ, म्हणजे ४२८ ला साधारण २५६.५ आणि ५२० ला ३२०.७, झाली की नवीन किट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) बघायला लागा. दोन टक्के, २५९ किंवा ३२४, ही शेवटची हद्द. ४२८ ला पाच मिमी वाढ म्हणजे एका सांध्यात फक्त पाव मिमी झीज. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजा. एक भाग वाढलेला आणि बाकी ठीक असेल तर तिथल्या रिंगा फाटल्यात.

टेप नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या दात्यावरची चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दाता उघडा दिसला तर ती संपली. दात्यांकडेही बघा: एका बाजूला कलून आकड्यासारखे झाले असतील तर चेन कितीही चांगली असो, किट बदला.

गाडी ढकलताना ‘टक… टक…’ असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल तर एखादी कडी अडकली आहे. चेन खालून सैल ठेवून चाक उलटं फिरवा, अडकलेली कडी सरळ न होता कमानीसारखी उभी दिसते. रॉकेल आणि तेलाने मोकळी झाली तर ठीक, दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकली तर आत गंज आहे. स्प्रॉकेटच्या एकाच बाजूला चकाकणारी घासलेली रेघ असेल तर चाक वाकडं जुळलंय. आवाज फक्त गॅस सोडल्यावर येत असेल तर ढील किंवा हबचे रबर.

आणि एक स्थानिक गोष्ट: तुरीची धसकटं आणि ठिबकची सुटी नळी. धसकट चेन गाईडमध्ये अडकून चेन उडवतं. ठिबकची नळी मागच्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळली जाते, चाक जागच्या जागी थांबतं. रानातून जाताना कडेच्या नळ्यांवर नजर ठेवा. चिखल साचतो म्हणून चेन कव्हर आणि साडी गार्ड काढून टाकणारे खूप आहेत. मागे कुणी बसणार असेल, पदर किंवा ओढणी असेल, तर ते काढू नका.

रानात चेन तुटली तर

सीटखाली एवढं ठेवा: तुमच्या मापाच्या क्लिपवाल्या दोन जोडकड्या, चार-सहा कड्यांचा जुना तुकडा, लहान चेन कटर, पक्कड. जोडकडी सीलबंद चेनची असेल तर चार रिंगा पाकिटातच असतात, त्या विसरू नका. तुटलेली कडी कटरने पूर्ण काढा, दोन्ही टोकं आतल्या कड्यांची राहतील असं बघा. टोकं एकमेकांना पुरेनात तर जुना तुकडा जोडा, पुरली आणि ढील कमी वाटली तर अ‍ॅडजस्टर पुढे घ्या. क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेन फिरते त्या दिशेला, म्हणजे वरच्या लांबीवर पुढच्या चाकाकडे. उलटी बसली तर धसकट किंवा दगड तिला उघडून टाकतो. क्लिप पिनेच्या खाचेत पूर्ण बसली की ‘टक’ असा आवाज येतो, मग पक्कडीने हलवून बघा.

अशा जोडलेल्या चेनवर घाट चढू नका, पन्नासच्या आत घरी या. ताकदवान गाडीला ५२० च्या चेनवर क्लिप कायम ठेवू नये, चेपायची कडी बसवून घ्यावी, आणि चेपल्यावर पिनेचं टोक पाकिटावर दिलेल्या मापाएवढं फुललंय का ते व्हर्नियरने तपासून घ्यावं. चेन एकदा का थकून तुटली, आणि दगड लागून नाही, तर बाकीच्या कड्याही त्याच वयाच्या असतात. पूर्ण किट मागवा.